जकातीच्या वहीने शिकवलेला हिशेब

रमजानचा पहिला अशरा संपत आला की घराघरात जकातीचा हिशेब सुरू होतो. आमच्या घरीही तरावीहनंतर वही-पेन घेऊन बसायची जुनी सवय आहे. सोने-चांदी, बँकेतली शिल्लक, कुणाला दिलेली उसनवार एका बाजूला लिहायची. देणी दुसऱ्या बाजूला. हनफी पद्धतीप्रमाणे उरलेली रक्कम सुमारे ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी किंवा जास्त असेल आणि वर्ष पूर्ण झाले असेल, तर त्यातले शेकडा अडीच रुपये हक्कदारांचे.

काही वर्षांपूर्वी मात्र वहीत वेगळेच निघाले. पतसंस्थेचे कर्ज, मामूंकडून घेतलेले पैसे, मंडपवाल्याची बाकी वजा करता हाती काहीच उरेना. आदल्या वर्षी धाकट्या बहिणीच्या लग्नात चारशे माणसांना बिर्याणी खाऊ घालणारे आम्ही, आता जकात देण्याच्याही ऐपतीचे राहिलो नव्हतो. सातवीच्या मुलांना नफा-तोटा शिकवणारे आम्ही दोघे नवरा-बायको त्या रात्री बराच वेळ गप्प बसून होतो.

निकाह तर मशिदीत, अर्ध्या तासात, खजूर वाटून झाला होता. खर्च झाला तो हॉल, रोषणाई आणि दोन तऱ्हेच्या गोड पदार्थांवर. खरे तर ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांवर. त्यासाठी आम्ही व्याजाच्या दारातही गेलो, हे लिहिताना आजही लाज वाटते.

पुढे आणखी एक गोष्ट घडली. मामूंचे पैसे फेडायला गेलो, तर आमच्या आठवणीत साठ हजार होते आणि मामूंच्या आठवणीत सत्तर. दोन्हीकडे खोटेपणा नव्हता, पण कागदही नव्हता. घेताना मामूच म्हणाले होते, “अरे, आपल्यात कसली लिखापढी?” शब्दाला शब्द वाढला आणि त्या ईदला मामू घरी आले नाहीत. कुरआनची सर्वात लांब आयत, सूरह बकरातली २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार घ्यावेत, हेच सांगते. ती आम्ही कित्येकदा तिलावत केली होती. अंमल एकदाही केला नव्हता. शेवटी आम्ही सत्तर हजार दिले. नाते दहा हजारांपेक्षा मोठे होते.

मग पैसा वाईट का? मुळीच नाही. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मदीनेत रिकाम्या हाताने आले. अन्सारी भावाने आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि एवढेच विचारले की बाजार कुठे आहे? कष्टाने व्यापार उभा केला. पुढे त्यांचा निकाह झाला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना एका बकरीचा का होईना, वलीमा करायला सांगितले. कमवायला संकोच नाही, खर्चाला मनाई नाही. पण दिखाव्याची सक्तीही नाही. उधळपट्टी आणि कंजुषी यांच्या मधली वाट ती हीच.

त्यानंतर आम्ही घरात काही गोष्टी ठरवल्या. पगार किती येतो, हप्ता किती जातो, हे मुलांसमोर बोलायचे. उसने देताना-घेताना तारीख आणि दोन सह्या, सख्खा भाऊ असला तरी. घरातल्या बाईचे दागिने आणि मेहर तिचे स्वतःचे. तिच्या खुशीशिवाय त्यांना हात लावायचा नाही. आणि पगाराच्या दिवशी थोडा सदका आधी बाजूला काढायचा, उरला तर नव्हे.

पहिल्याच महिन्यात मुलीने विचारले, “आपण गरीब आहोत का?” आम्ही म्हणालो, “नाही बेटा, आपण कर्जदार आहोत. यातून बाहेर पडता येते.” त्यानंतर सहलीची फी मागताना ती आधी वही बघू लागली. आम्हाला वाईट वाटले. पण तिला हिशेब कळू लागला, याचे समाधानही वाटले.

कर्ज फिटायला तीन वर्षे लागली. त्यानंतरच्या रमजानमध्ये वहीत पुन्हा जकातीची रक्कम निघाली. फार मोठी नव्हती. शेजारच्या गल्लीतल्या एका विधवा बहिणीच्या घरी ती पोहोचवली आणि परत येताना आम्ही दोघे कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने बोललो.

भगिनींनो आणि बंधूंनो, यंदा जकातीचा हिशेब कराल तेव्हा उरलेल्या रकमेबरोबर गेलेल्या रकमेकडेही पाहा. ती कुणासाठी गेली, असे घरातल्या सगळ्यांनी मिळून विचारा. संपत्ती ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे. अमानतीचा हिशेब उद्या द्यायचाच आहे. मग आज तो आपल्या माणसांसमोर उघडायला काय हरकत आहे?