पिपलानीहून लंडनला जाणारं एक पान

भोपाळमध्ये भेलच्या पिपलानी वसाहतीत राहणाऱ्या कुणी मराठीत कादंबरी लिहिली, तर पुढचा रस्ता ठरलेला असतो: पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला हस्तलिखित पाठवायचं आणि उत्तराची वाट पाहायची. मधे कुणी नसतो. महाराष्ट्राबाहेर राहणंही आड येत नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडात प्राध्यापकी करत राहिले, तरी त्यांचा 'निळासावळा' १९५९मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढलाच.

इंग्रजीत मात्र आधी लेखक आणि प्रकाशक यांच्यामधला साहित्यिक एजंट गाठावा लागतो. लंडन-न्यूयॉर्कचे बहुतेक मोठे प्रकाशक परस्पर आलेलं हस्तलिखित वाचत नाहीत. एजंटला जे पत्र जातं ते क्वेरी लेटर, फार तर एक पान. त्यात पुस्तकाचं नाव, प्रकार, शब्दसंख्या, कथेचा गाभा आणि लेखकाविषयी दोन-तीन ओळी. शेवट पत्रात फोडायचा नाही. तो कथेच्या वेगळ्या सारांशात येतो. जे. के. रोलिंगनेही १९९५मध्ये ख्रिस्तोफर लिटल यांच्या एजन्सीला आधी तीनच प्रकरणं पाठवली होती.

मराठी लेखक अडखळतो तो नम्रतेपाशी. 'माझा अल्पसा प्रयत्न गोड मानून घ्यावा' अशी सुरुवात, मग मंडळांच्या सत्कारांची यादी, आणि कादंबरीबद्दल शेवटी एक ओळ! एजंटला उलटा क्रम हवा असतो. समजा, पत्र असं सुरू झालं: 'नागपूरहून भोपाळच्या कारखान्यात आलेला फिटर एका अपघाताचं खापर मित्रावर फोडतो. वीस वर्षांनी त्याच मित्राची मुलगी त्याची सून होऊन घरात येते.' पुढचं वाचावंसं वाटतं.

मराठी पुस्तकाचा अनुवाद पाठवायचा असेल, तर आधी जुना करार काढून बघावा. अनुवादाचे हक्क लेखकाकडे आहेत की प्रकाशकाकडे, हे माहीत नसताना पत्र लिहिणं व्यर्थ. सोबत अनुवादकाचं नाव आणि नमुन्याची प्रकरणं हवीत. अनुवादाला वेळ किती लागू शकतो? दया पवारांचं 'बलुतं' १९७८चं. जेरी पिंटो यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आला २०१५मध्ये.

एजंट साधारण १५ टक्के घेतो, परदेशी हक्कांवर बहुधा २०, आणि तेही पुस्तक विकलं गेल्यावर. वाचण्याचेच पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावं. पत्र एकाच वेळी पाच-सहा एजंटांना पाठवायला सहसा हरकत नसते; फक्त कुणाला पहिली दहा पानं हवी असतात, कुणाला तीन प्रकरणं, आणि काहींना पत्राखेरीज काहीच नको असतं.