चॉप आणि तिचे तीन प्रतिस्पर्धी

मानेत, काखेत किंवा जांघेत उठलेली, न दुखणारी आणि बघता बघता वाढणारी गाठ हे आक्रमक लिम्फोमाचे नेहमीचे पहिले लक्षण. सोबत ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम आणि घटणारे वजन. आपल्याकडे ही सगळी लक्षणे क्षयाचीही असू शकतात, त्यामुळे गाठीची बायोप्सी झाल्याशिवाय निदान पक्के होत नाही. लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन असे त्याचे दोन मोठे गट पडतात. नॉन-हॉजकिन गटात सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा’, आणि तो आक्रमक आहे. उपचार केले नाहीत तर काही महिन्यांतच जिवावर बेततो.

या रोगाची एक गंमत आहे, ती वैद्यकाबाहेरच्या माणसाला चटकन पटत नाही. हळू वाढणारे लिम्फोमा औषधांनी वर्षानुवर्षे दबून राहतात, पण पसरलेले असतील तर सहसा मुळापासून जात नाहीत. झपाट्याने वाढणारे मात्र पूर्ण बरे होऊ शकतात. केमोथेरपीची बहुतेक औषधे विभाजन पावणाऱ्या पेशींवरच जास्त चालतात, आणि आक्रमक लिम्फोमाच्या पेशी सतत विभाजनाच्या घाईत असतात.

पहिला प्रयोग 1942 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात झाला. युद्धातल्या विषारी मस्टर्ड वायूचा भाऊबंद असलेले नायट्रोजन मस्टर्ड एका लिम्फोमाच्या रुग्णाला शिरेतून दिले गेले. गाठी विरघळल्या, आणि काही आठवड्यांत परत आल्या. पुढची वीस वर्षे असेच चालले: एक औषध, थोडा उतार, पुन्हा रोग. एका औषधाला दाद न देणाऱ्या थोड्या पेशी गाठीत आधीपासून असतात आणि त्याच पुन्हा वाढतात, हे हळूहळू उमगले. मग वेगवेगळ्या मार्गांनी मारा करणारी आणि वेगवेगळ्या अवयवांना त्रास देणारी औषधे एकत्र द्यायची कल्पना पुढे आली. प्रत्येकाचा डोस पुरेसा ठेवायचा, पण सगळ्यांचा घाव शरीरात एकाच जागी पडू द्यायचा नाही. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये व्हिन्सेंट डेव्हिटा आणि सहकाऱ्यांनी ‘मॉप’ ही चार औषधांची जोडणी हॉजकिन लिम्फोमावर वापरली. 1970 साली त्यांनी निकाल प्रसिद्ध केला: 43 पैकी 35 रुग्णांमध्ये रोगाचा मागमूस उरला नव्हता. 1975 मध्ये याच गटाने दाखवले, की पसरलेला आक्रमक नॉन-हॉजकिन लिम्फोमाही अशा जोडणीने काही रुग्णांत कायमचा बरा होतो.

त्यानंतर लगेच, 1976 च्या सुमारास, ‘चॉप’ आली: सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टीन आणि प्रेडनिसोलोन. पहिली तीन एका दिवशी शिरेतून द्यायची, चौथ्याच्या गोळ्या पाच दिवस घ्यायच्या आणि एकविसाव्या दिवसानंतर पुढची सायकल धरायची. अशा सहा ते आठ सायकली. यातले सायक्लोफॉस्फामाइड त्याच मस्टर्डच्या कुळातले. डॉक्सोरुबिसिन इटलीच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळाले. ते लालभडक असते, दिल्यानंतर एक-दोन दिवस लघवीही तांबूस होते. शिरेबाहेर सांडले तर कातडी जळते, म्हणून ते देताना नर्सची नजर सुईवरून हटत नाही. व्हिन्क्रिस्टीन आले सदाफुलीतून, आपल्याकडे कुंपणाशी बारमाही फुलणारी तीच. दोन-तीन सायकलींनंतर तिच्या औषधाने बोटांना मुंग्या येतात आणि शर्टाचे बटण लावताना रुग्ण अडखळतो. तीन आठवड्यांचे अंतर अस्थिमज्जेसाठी असते. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि तेव्हा आलेला ताप अंगावर काढणे जिवावर बेतू शकते. तिसऱ्या आठवड्याअखेर पेशी बहुधा पूर्ववत होतात.

चॉपने पसरलेल्या रोगातले साधारण तिसरा हिस्सा रुग्ण कायमचे बरे होत. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न 1980 च्या दशकात अनेक संस्थांनी हाती घेतला. उत्तर त्या काळच्या वृत्तीला शोभेल असेच होते: आणखी औषधे, आणखी जवळजवळ. बॉस्टनहून ‘एम-बॅकॉड’ आली, नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधून ‘प्रोमेस-सायटाबॉम’, तर कॅनडातल्या व्हँकुव्हरहून दर आठवड्याला औषध देऊन बारा आठवड्यांत आटोपणारी ‘मॅकॉप-बी’. प्रत्येकीत मेथोट्रेक्सेट आणि ब्लिओमायसिनसारखी भर. प्रत्येक संस्थेचे आपापले आकडे चॉपच्या जुन्या आकड्यांपेक्षा कितीतरी सरस होते. अनेक कर्करोगतज्ज्ञांच्या लेखी चॉप जुनाट ठरली.

आकडे खोटे नव्हते, तुलना खोटी होती. मोठ्या संस्थेत प्रयोगासाठी निवडला जाणारा रुग्ण बहुधा तरुण, धडधाकट आणि तिथवर प्रवास करून पोहोचू शकणारा असतो. फार आजारी माणूस आधीच गळलेला असतो. गुणवत्ता यादीतलीच मुले प्रवेशाला घेऊन निकालाची जाहिरात करणाऱ्या क्लाससारखा हा प्रकार. शिवाय निकाल लवकर छापले जातात. रोग परतायला दोन वर्षे लागत असतील, तर पहिल्या वर्षाचा निकाल चांगलाच दिसणार. आणि दहा वर्षांपूर्वीच्या चॉपच्या रुग्णांना आजचे प्रतिजैविक, आजचे स्कॅन मिळाले नव्हते. त्यांच्याशी आजच्या रुग्णांची बरोबरी करणे म्हणजे औषधाखेरीज दहा गोष्टींचे श्रेय औषधाला देणे.

यावर उपाय एकच: एकाच काळात, एकाच निकषांनी घेतलेल्या रुग्णांत चारही जोडण्या समोरासमोर उभ्या करणे. अमेरिकेतल्या साउथवेस्ट ऑन्कॉलॉजी ग्रुप आणि ईस्टर्न कोऑपरेटिव्ह ऑन्कॉलॉजी ग्रुप या रुग्णालयांच्या दोन जाळ्यांनी 1986 ते 1991 या काळात ते केले. एकूण 1,138 रुग्णांची नोंद झाली. निदान आणि निकष तपासून 899 रुग्ण तुलनेसाठी पात्र ठरले. कोणाला कोणती जोडणी द्यायची, हे डॉक्टर किंवा रुग्ण ठरवत नव्हता. ती वाटणी यादृच्छिक, म्हणजे नशिबावर सोडलेली होती. ही पद्धत ऐकायला निष्ठुर वाटते. पण नकळतसुद्धा ‘हा जरा दणकट आहे, याला कडक औषध देऊ’ असे झाले की तुलना तिथेच संपते. चारांतली कोणती सरस, हे खरोखरच ठाऊक नसेल तरच अशी वाटणी नैतिक ठरते. इथे तज्ज्ञांचा कल नव्या जोडण्यांकडे होता, तरी समोरासमोरचा पुरावा कोणाकडेच नव्हता.

कोणते औषध चालू आहे हे या चाचणीत लपवणे अशक्यच होते. कोणी आठवड्याला येणार, कोणी तीन आठवड्यांनी. म्हणूनच मोजमाप असे हवे, की त्यात मताला वाव नाही. रुग्ण जिवंत आहे की नाही, हे सर्वांत कठोर आणि सर्वांत प्रामाणिक माप. त्याच्या जोडीला रोग न परतता किती काळ गेला, हेही मोजले गेले.

रिचर्ड फिशर आणि सहकाऱ्यांनी 8 एप्रिल 1993 च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल मांडला. तीन वर्षांनंतर रोगाशिवाय जगत असलेल्यांचे अंदाजित प्रमाण चॉप आणि मॅकॉप-बी गटांत प्रत्येकी 41 टक्के, तर उरलेल्या दोन गटांत 46 टक्के होते. हा फरक योगायोगाने सहज पडू शकेल इतकाच होता. एकूण हयात असलेल्यांचे प्रमाण मॅकॉप-बी आणि प्रोमेस-सायटाबॉममध्ये 50, एम-बॅकॉडमध्ये 52 आणि जुनाट ठरलेल्या चॉपमध्ये 54 टक्के. इथे संख्याशास्त्रातले ‘पी’ मूल्य 0.90 आले. म्हणजे चारही जोडण्या खरोखर सारख्याच असत्या, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरांतल्या नव्वद वेळा निव्वळ योगायोगाने दिसला असता. औषधांच्या विषारीपणामुळे दगावलेले रुग्ण मात्र चॉपमध्ये 1 टक्का, प्रोमेस-सायटाबॉममध्ये 3, एम-बॅकॉडमध्ये 5 आणि मॅकॉप-बीमध्ये 6 टक्के होते. चॉप स्वस्त, देण्यास सोपी आणि कमी घातक, फायदा तेवढाच. तिचे स्थान पक्के झाले. एका दशकाचा उत्साह या एका तक्त्याने जमिनीवर आणला. तरीही चाचणी फसली असे म्हणणे चूक आहे. हजारो रुग्णांना व्यर्थ त्रासातून वाचवणारा निकाल यशस्वीच म्हणावा लागतो.

पुढची खरी झेप केमोची मात्रा वाढवून आलीच नाही. बी-लिम्फोसाइटच्या पृष्ठभागावरच्या सीडी20 या प्रथिनाला चिकटणारे रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड 1997 साली अमेरिकेत मंजूर झाले. फ्रान्समध्ये बर्ट्रांड क्वाफिए यांच्या नेतृत्वाखालील गटाने 60 ते 80 वर्षे वयाच्या 399 रुग्णांची अशीच यादृच्छिक वाटणी केली: निम्म्यांना चॉप, निम्म्यांना चॉपसोबत रिटुक्सिमॅब. 2002 सालच्या निकालात दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण 57 वरून 70 टक्क्यांवर गेले होते, आणि विषारीपणात लक्षणीय वाढ नव्हती. तेव्हापासून ‘आर-चॉप’ हाच प्रमाण उपचार ठरला.

त्यानंतर आर-चॉपलाही आव्हाने मिळाली आणि जुनीच कथा पुन्हा घडली. दर तीनऐवजी दोन आठवड्यांनी दिली, तरी फायदा नाही. चार दिवस सलग सलाईनमधून द्यायची ‘ईपॉक-आर’ छोट्या अभ्यासांत चमकली, पण 491 रुग्णांच्या चाचणीत (2019) आर-चॉपपेक्षा सरस ठरली नाही आणि त्रास अधिक झाला. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ‘पोलॅरिक्स’ चाचणीत व्हिन्क्रिस्टीनच्या जागी पोलाटुझुमॅब वेडोटिन वापरले गेले. दोन वर्षे रोग न बळावता राहिलेल्यांचे प्रमाण 70.2 वरून 76.7 टक्क्यांवर गेले. एकूण हयात असलेल्यांत मात्र फरक दिसला नाही. या महागड्या औषधासाठी एवढा फायदा पुरेसा आहे का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि ते रास्त आहेत.

भारतात 2007 साली रिटुक्सिमॅबची देशी आवृत्ती बाजारात आली, आणि आर-चॉप अधिक रुग्णांच्या आवाक्यात आली. त्याच वर्षी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया सुरू झाली. 15 जून 2009 पासून देशातल्या औषधचाचण्यांची तिथे नोंद सक्तीची आहे. 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास वैद्यकीय उपचार आणि भरपाईची तरतूद आहे, चाचणी मधेच सोडण्याचा हक्कही रुग्णाला आहे. एखाद्या रुग्णापुढे संमतीपत्र ठेवले गेले, तर सहीआधी तीन गोष्टी विचाराव्यात: रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक, नव्या उपचाराची तुलना कोणत्या प्रमाण उपचाराशी होणार आहे, आणि इथिक्स कमिटीचा संपर्क.