सापासाठी पिस्तूल? आधी पायात बूट घाला!



मृगाचा पाऊस पडला, जमिनीला ओल आली, की बिळाबिळांतून पाणी शिरते आणि साप बाहेर पडतात. त्याच दिवसांत आपलीही शेतावरची ये-जा वाढते. पेरणी, खुरपणी, भाताची लावणी ही सारी कामे वाकून, हात-पाय मातीत घालून करायची. मग चावडीवर किंवा दूध डेअरीच्या ओट्यावर हमखास विषय निघतो, "औंदा साप फार झालेत. एखादं स्वस्तातलं पिस्तूल जवळ असलं तर बरं!" हल्ली मोबाईलवर अमेरिकेतले शेतकरी कमरेला रिव्हॉल्व्हर लावून हिंडताना दिसतात. तिकडे सापासाठी बारीक छऱ्यांची खास काडतुसेही विकत मिळतात. ते पाहून आपल्याकडच्या तरुणांच्या मनात हा विचार आला तर नवल नाही.

तेव्हा या विचाराचा नीट हिशेब मांडू. जिवाचा प्रश्न आहे. पैसे खर्च करायचेच, तर ज्याने जीव वाचतो त्यावर करावेत.

पिस्तुलाचा हिशेब

आधी किंमत पाहा. सरकारी आयुध निर्माणीने 2014 साली 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्या वेळी त्याची किंमत सव्वा लाख रुपयांच्या आसपास होती. म्हणजे आपल्या देशात परवान्याचे पिस्तूल 'स्वस्तातले' मिळत नाही. वर परवान्याचे हेलपाटे, पोलीस चौकशी आणि काडतुसांचा खर्च आहेच. शस्त्र कायदा 1959 चा. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय त्या कायद्यात आहे. कोकणात रानडुकरे आणि वानरांपायी काही शेतकऱ्यांकडे असे परवाने असतात. पण साप मारायचा म्हणून कुणी पिस्तुलाचा परवाना देईल, ही आशा धरू नका. आणि स्वस्त पडतो म्हणून कुणी गावठी कट्टा देऊ केला, तर त्याच्या सावलीलाही उभे राहू नका. विनापरवाना शस्त्र जवळ सापडले तर तुरुंगाची वाट ठरलेली. शिवाय तो कट्टा हातातच फुटण्याचे भय वेगळे.

दुसरी गोष्ट, साप मारणे हाच गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून लागू आहे आणि आपल्याकडच्या सापांना त्याचे संरक्षण आहे.

आता खरा मुद्दा. पैसा आणि परवाना दोन्ही असले, तरी पिस्तूल सापापासून वाचवत नाही. का, ते पाहा. साप चावतो तो दिसण्याआधी. अंधारात पाय पडतो, पेंढीखाली हात जातो, झोपेत हात हलतो, आणि दंश होतो. जो साप आपल्याला दिसला, त्याच्यापासून चार पावले मागे सरले की धोका संपला. बहुतेक साप आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच झेप घेऊ शकतात. म्हणजे सहा-सात फूट अंतर राखले तर तो तुम्हाला गाठत नाही. उलट पायाजवळच्या मनगटाएवढ्या हलत्या अंगावर गोळी झाडायची, तर ती सापाला लागण्यापेक्षा दगडावरून उसळून बैलाला, शेजाऱ्याला किंवा स्वतःच्याच पायाला लागण्याची भीती जास्त. घरात लहान मुले असतील तर बाराही महिने उशाशी नवे संकट.

दंश कुठे आणि केव्हा होतो?

भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, असा अंदाज अभ्यासकांनी 2020 साली मांडला. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. आणि बळी बहुतेक खेड्यापाड्यांतले, शेतात राबणारे.

आपल्याकडे माणसांचे जीव घेणारे साप मुख्यतः चार.

नाग सर्वांच्या ओळखीचा. उंदरांच्या मागे तो गोठ्यात, कणगीपाशी येतो. संध्याकाळी किंवा पहाटे अंधुक उजेडात त्याच्यावर पाय पडतो.

घोणस जाडजूड असते आणि अंगावर साखळीसारखे ठिपके असतात. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते. ऊस, भात, गवत ही तिची जागा. चाहूल लागली तरी ती बहुधा जागची हलत नाही, म्हणून पाऊल थेट तिच्यावर पडते.

फुरसे वीतभर ते हात-दीड हात लांबीचे. कोकणातल्या कातळावर आणि दगडाधोंड्यांच्या माळावर फार. गवत कापताना, दगड उचलताना ते हाताला चावते.

मण्यार सर्वांत कपटी म्हणावी लागेल. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, बहुधा जोडीजोडीने. रात्री घरात येऊन ती जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, घास गिळवत नाही. घरची माणसे पित्त झाले म्हणून ओवा देत बसतात आणि वेळ हातचा जातो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे असा त्रास झाला, तर मण्यारीचा संशय धरून लगेच दवाखाना गाठा.

धामण, दिवड, कवड्या, मांडूळ हे बिनविषारी. धामण तर उंदरांचा फडशा पाडणारी, आपली बिनपगारी राखणदार. पण कवड्या आणि मण्यार, डुरक्या घोणस आणि घोणस यांत जाणत्यांचीही गल्लत होते. म्हणून चावल्यावर "बिनविषारीच होता" असे घरीच ठरवू नका.

पैसे खर्च करा ते या वस्तूंवर

बूट. बहुतेक दंश पावलावर किंवा घोट्याच्या आसपास होतात. काही शे रुपयांत मिळणारे रबरी गमबूट तिथेच आड येतात. निवडताना पोटरीपर्यंत उंच घ्या, घोट्यापुरते नकोत. थोडे सैल असू द्या, म्हणजे आत मोजा घालता येतो, आणि सापाचा दात रबरातून गेलाच तरी कातडीपर्यंत सहसा पोचत नाही. रात्री बूट पालथे ठेवा आणि सकाळी झटकूनच पाय घाला. आत विंचूही बसतो. लावणीच्या चिखलात बूट रुततात हे खरे, पण बांधावरून येताना-जाताना तरी ते पायात असावेत. आणि एक ध्यानात घ्या. पुष्कळ घरांत बुटांची जोडी एकच असते, आणि ती कारभाऱ्याची. खुरपणीला, गवताला दिवसभर वाकते घरची बाई, आणि तिच्या पायात साधी चप्पलही नसते. जोडी तिच्या मापाचीही घ्या.

बॅटरी. शेतीची वीज रात्रीच्या पाळीला आली, की पिकाला पाणी द्यायला अपरात्री बांधावर जावे लागते. मोबाईलचा मिणमिणता उजेड त्याला पुरत नाही, आणि एक हातही अडकतो. पंधरा-वीस फुटांपर्यंत पायवाट स्वच्छ दिसेल अशी चार्जिंगची बॅटरी घ्या. डोक्याला बांधायची मिळाली तर सर्वांत उत्तम, कारण फावड्यासाठी दोन्ही हात मोकळे राहतात. ती रोज संध्याकाळी चार्ज करायचे काम घरातल्या एका मुलाकडे सोपवून टाका. रात्री परसाकडे जातानाही ती हातात हवी.

काठी. चार-पाच फुटांची वेळूची काठी बांधावर फुकट मिळते. चालताना ती पुढे आपटत चला. जमिनीचा हादरा सापाला लगेच कळतो आणि बरेचसे साप वाट सोडतात. घोणस सोडेलच असे नाही, म्हणून काठीबरोबर उजेड आणि बूट हवेतच. पाचट उलटायचे, पेंढी उचलायची, सरपण काढायचे, तर आधी काठी घाला आणि मग हात. सोयाबीनच्या आणि भाताच्या काढणीत जाड हातमोजे वापरा.

मच्छरदाणी. मण्यारीवर याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली किंवा सतरंजीखाली चारी बाजूंनी नीट खोचा. खाट असेल तर झोपायला खाटच वापरा. पावसाळ्यात पोरांना उघड्या जमिनीवर झोपवू नका.

एवढ्या चारही वस्तू घेतल्या, तरी पिस्तुलाच्या काडतुसांइतकाही विचार करावा लागणार नाही.

घराभोवतीची आवराआवर

जिथे उंदीर तिथे साप. सांडलेले धान्य रोज झाडून घ्या आणि कणग्या बंद ठेवा. सरपण, गोवऱ्या, विटांचा ढीग घराच्या भिंतीला टेकवून रचू नका, थोडा दूर रचा. भिंतीतली भोके आणि मोरीचे तोंड जाळीने बंद करा. अंगणातले गवत वाढू देऊ नका. फिनेल, रॉकेल शिंपडल्याने साप येत नाही म्हणतात, पण त्याचा भरवसा धरू नका.

साप दिसलाच तर थांबा, मागे सरा, मुलांना आणि कुत्र्याला दूर करा. घरात असेल तर लांबून त्याच्यावर नजर ठेवून वनखात्याला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला कळवा. मेलेल्या सापालाही हात लावू नका. तुटलेले डोकेसुद्धा काही वेळ चावू शकते.

आणि चावलाच तर

घाबरगुंडीने अर्धा जीव जातो. रोग्याला धीर द्या. प्रत्येक दंशात विष उतरतेच असे नाही, आणि उतरले तरी त्यावर औषध आहे. मग इतकेच करा:

* अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, बूट लगेच काढा. नंतर सूज आली की निघत नाहीत.
* चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा समजा. फळीचा आधार देऊन सैलसर बांधा आणि हलू देऊ नका.
* रोग्याला चालवू नका, पळवू नका. मोटारसायकलवर न्यावे लागले तर दोघांच्या मध्ये बसवा.
* 108 वर फोन करा. गाडीला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा.
* दंशाची वेळ आणि नंतर दिसलेली लक्षणे लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.

करू नका ते हे. दोरीने आवळून बांधू नका, त्याने हात-पाय सडतो. ब्लेडने कापू नका, तोंडाने चोखू नका, बर्फ किंवा पाला लावू नका, दारू पाजू नका. साप पकडून दवाखान्यात न्यायचीही गरज नाही. त्या धडपडीत दुसऱ्याला दंश होतो. गावातल्या मांत्रिकाचा मान ठेवावा, पण उपचारासाठी त्याच्या दारात थांबू नये. देवाला नवस जरूर बोला, पण तो गाडीत बसून!

सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार करतात. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव त्या कामाशी जुने जोडलेले आहे. एकच लस वरच्या चारही सापांच्या विषावर चालते, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा द्यावी लागते, तेव्हा "पोराला एवढी कशाला?" म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नका. लक्षण नसले तरी ते एक दिवस ठेवून घेतील. विष कळायला कधी कधी वेळ लागतो, म्हणून मुक्काम करा. नाग आणि मण्यारीच्या दंशात श्वास थांबू शकतो. तेव्हा मोठ्या रुग्णालयात हलवायला सांगितले, तर वाटेत घरी वळू नका.

दवाखान्याचे सर्व कागद जपून ठेवा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने दगावलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला 2 लाख रुपयांची मदत आहे. अशी वेळ कुणावर न येवो, पण माहिती असावी. चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात होते.

नागपंचमीला आपण नांगर धरीत नाही, विळी चालवीत नाही, जमिनीतल्या त्या जिवाला एक दिवस मोकळा सोडतो. बाकीचे दिवस त्याच्या आणि आपल्या वाटा आडव्या जाणारच. म्हणून या आठवड्याच्या बाजारात बूट आणि बॅटरी घेऊन या. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दोन गोष्टी विचारून ठेवा, सर्पदंशाची लस आहे ना, आणि रात्री डॉक्टर असतात ना. नसेल तर कुठल्या रुग्णालयात जायचे ते आजच ठरवा. तो फोन नंबर, 108 आणि गावातल्या गाडीवाल्याचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत लिहून टाका. घरातल्या शाळकरी पोरालाही तो वाचता आला पाहिजे.