योग शिकवा, पण सक्ती नको



दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी आपण पाहिली असेलच. आत पाऊल टाकताना धडधाकट गडीही बिचकतो. मोठा आघात सोसलेल्या माणसाला योगवर्गात ‘डोळे मिटा’ म्हटले की तशीच अंधारी पुढे उभी राहते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा माणसे झोपेत होती. असा धक्का अंग लवकर विसरत नाही. निजून डोळे मिटले की छाती धडधडते.

म्हणून शिकवणाऱ्याने दार उघडे ठेवावे. डोळे उघडे राहिले तरी चालेल. शवासन नको वाटल्यास भिंतीला टेकून बसू द्यावे. न विचारता अंगाला हात लावू नये, श्वास कोंडायला लावू नये. कोणी घाबरल्यास पाय जमिनीवर टेकवून समोरच्या वस्तू पाहायला सांगाव्यात. झाल्या प्रसंगाची चौकशी चारचौघांत करू नये.

अमेरिकेत ६४ स्त्रियांच्या अभ्यासात (२०१४) १० आठवड्यांच्या अशा योगाने गुण आला. मात्र त्यांचे इतर उपचारही चालू होते. तेव्हा डॉक्टरांचे औषध बंद करू नये.

वाफसा पाहूनच आपण रानात औत घालतो. माणसाच्या मनाचाही वाफसा पाहावा.