मागच्या सीटवरून टेस्ट ड्राइव्ह

सकाळी ६.३०

आज ज्या घराला गाडी निवडून द्यायची आहे, त्यांनी पाठवलेला तक्ता चहाबरोबर पुन्हा वाचते. गाडी घ्यायचं नक्की असतं, पण कोणती ते ठरत नसतं, अशा लोकांना निवड करून देणं हा माझा व्यवसाय. फी कुटुंबाकडून घेते, शोरूमकडून काही नाही. त्याआधी उमेदीची वर्षं सस्पेन्शनच्या चाचण्या करण्यात गेली, त्यामुळे गाडी मला आधी कमरेला कळते, मग हाताला.

भेटीआधी मी प्रत्येकाकडून एका आठवड्याची नोंद मागते: गाडी कोणी चालवली, कोण कुठे बसलं, किती वेळ. या घरची नोंद सरळ आहे. घर प्रभात रोडला, कारखाना भोसरीत. सोमवार ते शनिवार स्टिअरिंग ड्रायव्हरकडे आणि काका मागे डावीकडे; जाऊन-येऊन रोजचे दोन तास. महिन्यातून एकदा काका-काकू कोल्हापूरला. रविवारी पहाटे चिरंजीव एकटेच ताम्हिणी घाटात, दोन-अडीच तास. आठवड्याचे बारा तास मागच्या सीटचे, अडीच तास पुढच्या. आणि पसंतीच्या रकान्यात एकच नाव: बीएमडब्ल्यू एम ३४० आय.

आग्रह चिरंजीवांचा, होकार काकांचा. तक्त्याच्या तळाशी काकूंच्या अक्षरात लिहिलंय, "उंच गाडीत मला मळमळतं. गुडघे दुखतात. बाकी तुम्ही ठरवा." उंच गाडीत मळमळतं म्हणजे एसयूव्हीचा प्रश्न मिटला. गुडघे दुखतात म्हणजे सेडानचा सुरू झाला.

८.००

शोरूमला फोन. दोन गोष्टींवर मी अडून बसते. टायरमधली हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणेच हवी, कारण टेस्ट ड्राइव्हच्या गाड्यांत ती पुष्कळदा जास्त भरलेली असते आणि दोष सस्पेन्शनच्या माथी जातो. दुसरं, घरचा ड्रायव्हर गाडी चालवणार. रोज जो चालवतो त्याच्याच पायाखाली ब्रेक कसा लागतो, हे मला बघायचं असतं. लायसन्सचा फोटो पाठवला की बहुतेक ठिकाणी तयार होतात.

१०.००

दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी उभ्या आहेत. एक चिरंजीवांची लाडकी: तीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ताकद चारही चाकांना, शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत. दुसरी मी सुचवलेली, त्याच ३ सिरीजची लांब आवृत्ती, ३३० एलआय ग्रॅन लिमोझीन. तिच्यात दोन लिटरचं इंजिन, २५८ अश्वशक्ती, शंभर गाठायला ६.२ सेकंद. पहिलीचा व्हीलबेस २८५१ मिलिमीटर, दुसरीचा २९६१. दोन्ही चेन्नईत जुळवल्या जातात. भाव, ताकद, रंग या सगळ्या गप्पांच्या मागे आजचा खरा सौदा आहे तो ११० मिलिमीटर आणि १.८ सेकंदांचा.

चिरंजीव सहा फुटी. त्यांना आधी चालकाच्या सीटवर बसवून सीट जुळवून घेतली आणि मग काकांना त्यांच्याच मागे बसवलं. एम ३४० आयमध्ये गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांत चार बोटं उरली. लांब गाडीत चांगली वीतभर. सेल्समन मुलाचा चेहरा खुलला, पण मला काकूंची वाट बघायची होती.

काकू आधी बसतात, मग साडी सावरून एकेक पाय आत घेतात. उतरताना डावा हात दाराच्या चौकटीवर, उजवा पुढच्या सीटच्या पाठीवर. लहान गाडीत त्यांची टाच सीट आणि खांब यांच्या बेचक्यात अडकली, पाय वाकडा करून काढावा लागला. लांब गाडीचं मागचं दार मोठं आहे, पाय सरळ बाहेर आला. पण त्यानंतरचा क्षण दोन्हीकडे सारखाच होता. बैठक जमिनीला लागून, गुडघा मांडीपेक्षा वर, आणि उठताना सगळा भार मनगटावर. स्पोर्ट्स सेडान वळणावर जमिनीला चिकटून राहते ती वजन खाली ठेवल्यामुळे, आणि त्याची किंमत उठणाऱ्या माणसाचे गुडघे मोजतात. व्हीलबेस वाढवून पायांना जागा मिळते, बैठक उंच होत नाही. मी हे काकूंना तिथेच स्पष्ट सांगितलं, कारण माहितीपत्रकात "ऐसपैस" हा शब्द वाचून गुडघ्यांचंही काम झालं असं पुष्कळजण धरून चालतात.

मांडीखालच्या आधाराकडेही माझं लक्ष असतं. सीटची गादी आखूड असली किंवा जमीन वर आलेली असली तर मांडी अधांतरी राहते आणि तासाभरात कंबर बोलायला लागते. काकांची उंची बेताची, त्यांना दोन्ही गाड्यांत चाललं.

११.००

आधी एम ३४० आय. चिरंजीव चालवणार, सेल्समन पुढे, मागे काका-काकू आणि मध्ये मी. मधल्या जागेवर मी मुद्दाम बसते. इंजिनची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा दांडा गाडीच्या पोटातून जातो, त्याचा उंचवटा दोन पायांच्या मधोमध येतो. तिथे मोठ्या माणसाने कोल्हापूरपर्यंत बसणं शक्य नाही. या जातीच्या गाड्या पाच सीटच्या म्हणून विकल्या जातात. मी त्या चार माणसांच्याच धरते.

बाणेरहून पाषाणमार्गे चांदणी चौक, तिथून पौड रस्त्याने भूगाव आणि पुढे पिरंगुटचा घाट, हा माझा ठरलेला मार्ग. गर्दी, गतिरोधक, जोडरस्त्याचे गचके, थोडा मोकळा रस्ता आणि वळणं, सगळं तासाभरात मिळतं.

मोकळा पट्टा आला आणि चिरंजीवांनी पाय दाबला. गाडी खरोखर सुंदर आहे. त्या सहा सिलिंडरचा आवाज चढत जातो तेव्हा मलाही अंगावर काटा येतो आणि हे मी कधी लपवत नाही. पण शंभरपर्यंत ४.४ सेकंद म्हणजे सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या ०.६४ पट जोर. पुढच्या माणसाच्या हातात स्टिअरिंग असतं, तो जोर कधी येणार हे त्याला ठाऊक असतं. मागच्याला ठाऊक नसतं. काकांचं डोकं मागे गेलं, काकूंनी माझा हात धरला. चिरंजीवांनी आरशात पाहिलं आणि आपण होऊन पाय सैल केला.

भूगावच्या तुटक्या डांबरावर दुसरी गोष्ट कळली. खड्ड्याचा घाव आधी टायरची रबरी भिंत झेलते, मग स्प्रिंग. टायरवर २५५/३५ लिहिलं असेल तर ती भिंत ८९ मिलिमीटरची. २२५/५० असेल तर ११२ची. वेगासाठी रुंद, चपटे टायर घेतले की हे दोन-सव्वादोन सेंटिमीटर हातचे जातात आणि ते थेट पाठीच्या कण्यातून वसूल होतात. त्यात मागची बैठक मागच्या आसाजवळ. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली हा रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेला अभियंता गाडीच्या डोलण्याचा अभ्यास करत होता. उंचवट्यावर पुढचं चाक आधी उडतं, मागचं नंतर; दोघांची लय जुळून गाडी सपाट राहायची असेल तर मागचं सस्पेन्शन पुढच्यापेक्षा जरा जलद लयीचं, म्हणजे साधारणपणे अधिक ताठ हवं, हे त्याने दाखवलं. आजही सस्पेन्शन जुळवताना हा विचार होतो. ताठपणा मागच्या माणसाच्या वाट्याला येतो तो असा.

दुपारी १.००

पिरंगुटला जेवण. पिठलं-भाकरी येईपर्यंत चिरंजीव गप्पच होते, मग म्हणाले, "ताई, म्हणजे जोरकस गाडी घेऊच नये का?"

असं मी अजिबात म्हणत नाही. कोल्हापूर रस्त्यावर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरमागे अडकल्यावर पटकन वेग घेणारी गाडी म्हणजे ओव्हरटेक करायला कमी वेळ. चांगल्या इंजिनबरोबर चांगले ब्रेक, चांगली चेसी येते, आणि त्याचा फायदा मागच्यालाही होतो. मात्र त्या कामाला ६.२ सेकंदांची गाडी पुरून उरते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मोटारीला सपाटीवर १०० आणि घाटात ६० ची मर्यादा, समृद्धीवर १२०. उरलेल्या १.८ सेकंदांचा आनंद ताम्हिणीच्या पहाटेचा आहे, आणि तो खराच आहे. तो किती तासांचा, एवढंच मी त्यांच्या तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं.

२.१५

आता लांब गाडी. ड्रायव्हरदादा पुढे, आणि चिरंजीवांना मी काकांच्या जागी, मागे डावीकडे बसवलं. घरात गाडी आल्यापासून ते मागे क्वचितच बसलेले. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी एसीची झडप शोधली, हात ठेवायची जागा शोधली, मग म्हणाले, "बाबा रोज एवढं रस्त्याचं बघत बसतात?" काका हसले. "बघत नाही रे, सह्या करतो."

तेच मला हवं होतं. काका कारखान्याचे कागद गाडीतच उरकतात, हे त्यांनी बोलता-बोलता सांगितलं होतं. सकाळच्या गाडीत परतताना कोऱ्या कागदावर त्यांच्याकडून सह्या करून घेतल्या होत्या. आता त्याच भूगावच्या पट्ट्यात, त्याच वेगाने, पुन्हा. सकाळच्या सहीत आडनावाचा शेवटचा फराटा तीनदा तुटला होता. आताचा एकदाच तुटला, तोही दादांनी रिक्षासाठी ब्रेक दाबला तेव्हा. लांब गाडी पुढे-मागे कमी डोलते, आणि हिचे टायर थोडे गुबगुबीत होते. पण श्रेय दादांच्या पायालाही द्यायला हवं. गाडी थांबण्याच्या अगदी आधी ते ब्रेकवरचा दाब किंचित सोडतात, त्यामुळे शेवटचा झटका येत नाही. मागच्या सीटचं निम्मं सुख त्या एका सवयीत असतं, आणि गाडी घेणारे ड्रायव्हरला टेस्ट ड्राइव्हला आणतच नाहीत.

काकांनी पट्टा लावला नव्हता. गाडी बाजूला घ्यायला लावली. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. आरामशीर सीटमध्ये माणूस पाठ टेकून सैलावतो, तेव्हा पट्टा जास्तच गरजेचा. यावर मी कोणाशीही वाद घालत नाही, गाडी पुढे नेत नाही एवढंच.

५.३०

पैशांचा हिशोब. काकांना गाडी कंपनीच्या नावावर घ्यायची आहे. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल मोटारीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के एकरकमी कर, कंपनीच्या नावावर २० टक्के. एक्स-शोरूम ७५ लाख धरले तर फरक सव्वापाच लाखांचा. घसाऱ्याची वजावट त्यातून किती भरून काढते ते त्यांच्या सीएला विचारायला सांगितलं.

७.००

अहवाल लिहायला बसते. चिरंजीवांचा मेसेज आलेला: वेगही हवा आणि मागची जागाही, असं काहीच नाही का? आहे, पण एक पायरी वर. २०१७ मध्ये लांब व्हीलबेसची ई-क्लास उजव्या हाताच्या स्टिअरिंगसह जगात सर्वांत आधी भारतात आली, आणि ती बनते आपल्या चाकणला. २०२४ च्या नव्या पिढीत तिचा व्हीलबेस ३०९४ मिलिमीटर झाला आणि ई ४५० हे ३८१ अश्वशक्तीचं रूपही आलं, शंभरपर्यंत साडेचार सेकंद. चिरंजीवांच्या लाडक्या गाडीपेक्षा एक दशांश सेकंद मागे, आणि मागे पाय पसरून बसायला जागा. बजेट मात्र बरंच वाढवावं लागेल. शिवाय ती ताम्हिणीच्या अरुंद वळणावर लहान गाडीसारखी वळणार नाही. वजन आणि लांबी कुठे जात नाही.

माझा कौल लिहिला: या घराला ग्रॅन लिमोझीन. वर कोणताही मोठ्या रिमचा, चपट्या टायरचा पर्याय घेऊ नये. चिरंजीवांना खरोखर हौस असेल तर राहिलेल्या पैशांत पुढेमागे जुनी, हलकी, दोन माणसांची गाडी बघता येईल; त्या कामात मी आनंदाने मदत करीन. काकूंच्या गुडघ्यांबद्दल वेगळा परिच्छेद लिहिला: ही गाडी त्यांना पाय ठेवायला सोपी जाईल, उठायला नाही.

९.१५

काकूंचा फोन. "अगं, ती लांब गाडी आमच्या गेटच्या उतारावर घासेल का?"

दिवसभरातला सर्वांत नेमका प्रश्न. दोन चाकांमधलं अंतर वाढलं की उंचवट्यावर गाडीचं पोट टेकायची शक्यताही वाढते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ च्या वेगासाठी. त्यावर काही अडचण नाही. पण गल्लीतला अरुंद, टोकदार उंचवटा आणि बंगल्याच्या गेटपाशी रस्त्याला भेटणारा उतार, हे कोणत्याच निकषात बसत नाहीत.

"काकू, बुकिंग उद्या करू नका. उद्या साडेआठला गाडी घरी मागवते. तुम्ही, काका, चिरंजीव आणि दादा सगळे बसा, डिकीत दोन बॅगा ठेवा. भरलेल्या गाडीनेच उतार उतरायचा, आधी सरळ आणि मग तिरका. मी बाहेर उभी राहून खालून बघते."

"आणि घासली तर?"

"तर आधी उताराची फरशी बदलता येते का ते गवंड्याला विचारू. गाडी त्यानंतर."

शोरूमला मेसेज टाकला: उद्या ८.३०, प्रभात रोड, तीच लांब गाडी, टायरची हवा आजच्याइतकीच.