मांजरांचे त्वचारोग

मांजराच्या अंगावर उठणारे पुरळ, चट्टे, खपल्या व केस झडून पडणारी टक्कले यांस कारण होणारे विकार. पुरळ हा स्वतः रोग नसून अनेक रोगांत दिसणारे लक्षण आहे. मांजराची त्वचा ठरावीक चार-दोन प्रकारांनीच प्रतिसाद देते. त्यामुळे पिसवा, लूत, कवक (बुरशी) व अधिहृषता (ॲलर्जी) अशा भिन्न कारणांनी उठलेले पुरळ नुसत्या नजरेने ओळखणे अनुभवी पशुवैद्यासही अवघड जाते.

रायगड (१९८१ पर्यंत कुलाबा) जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. जून ते सप्टेंबर या काळात येथील हवा सतत दमट असते व घरांच्या भिंतींना ओल येते. भाताच्या साठ्याला उंदरांचा उपद्रव होऊ नये म्हणून बहुतेक शेतकरी घरांत मांजर असते. ते पेंढ्यात, गोणपाटावर किंवा चुलीजवळच्या उबेत निजते. या जागा पिसवांच्या वाढीस फार सोयीच्या असतात.

मांजरांवर आढळणारी पिसू (टेनोसिफॅलिडिस फेलिस) अंडी अंगावरच घालते. पण ती जमिनीवर गळून पडतात व अळ्या धुळीत वाढतात. उबदार, दमट हवेत अंड्यापासून प्रौढ पिसू होण्यास तीन-चार आठवडे पुरतात. कोशातील पिसू मात्र पोषक प्राण्याची चाहूल लागेपर्यंत कित्येक आठवडे थांबू शकते. या भागातील केवळ शनिवार-रविवारी उघडणाऱ्या बंगल्यांत पाऊल टाकताच पायांना पिसवा चावतात, त्याचे कारण हेच होय.

पिसूच्या लाळेची अधिहृषता असलेल्या मांजराच्या पाठीवर, मानेवर व शेपटीच्या मुळाशी बाजरीच्या दाण्यांएवढ्या खपल्यायुक्त पुळ्या येतात. चाटताना मांजर पिसवा गिळून टाकते, त्यामुळे अंगावर एकही पिसू न सापडणे हा पिसवा नसल्याचा पुरावा नव्हे. केस विंचरून पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. त्यांभोवती तांबूस डाग पसरल्यास ती रक्तयुक्त पिसूविष्ठा समजावी. पावसाळ्यात डासांच्या चाव्यानेही नाकाच्या वरच्या भागावर व कानांवर पुरळ उठते.

लूत नोटोएड्रिस कॅटी या सूक्ष्म माइटामुळे होते. ती कानांच्या कडांपासून सुरू होऊन चेहरा व मानेवर पसरते. त्वचा जाड व सुरकुतलेली होते आणि खाज असह्य असते. त्वचा खरवडून तो अंश साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास माइट दिसतात.

गजकर्ण हा या विकारांपैकी माणसाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय. त्याचे नेहमीचे कारण मायक्रोस्पोरम कॅनिस हे कवक असते. पिलांच्या तोंडावर, कानांवर व पंजांवर केस तुटलेले गोल चट्टे दिसतात. खाज थोडी किंवा मुळीच नसते. लांब केसांच्या प्रौढ मांजरावर काहीच न दिसता ते रोगवाहक असू शकते. पिलाला कुशीत घेऊन निजणाऱ्या मुलाच्या मानेवर वा हातावर चट्टा उठतो, तेव्हाच पुष्कळदा घरातल्यांचे लक्ष मांजराकडे जाते. जंबुपार प्रकाशात बाधित केस हिरवट चमकतात, पण नेहमीच नव्हे; निश्चित निदान संवर्धनाने होते. बीजाणू अंथरुणात व धुळीत वर्षभरही टिकतात. म्हणून औषधाबरोबर घराची स्वच्छता न केल्यास रोग परत येतो.

पूर्वी ग्रिझिओफुल्व्हिन हे कवकनाशक पोटात देत. ते गाभण मांजरीच्या पिलांत व्यंग निर्माण करते, म्हणून त्याची जागा बहुतांशी इट्राकोनॅझोलाने घेतली. बाहेरून गंधकयुक्त चुन्याचे द्रावण लावतात. पिसवा व लूत यांवर मांजरासाठी बनविलेले सेलामेक्टिन मानेवर टाकतात. पिसवांसाठी घरातील प्रत्येक प्राण्यावर एकाच वेळी उपचार करावे लागतात व अंथरुणे कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी लागतात. आषाढात मात्र ऊन मिळणे कठीण.

उपचारातील मोठा धोका औषधाचाच असतो. काही विषारी द्रव्ये निर्विष करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते आणि अंगाला लावलेले सर्व काही ते चाटते. गुरांच्या गोचिडांसाठी गोठ्यात ठेवलेले डेल्टामेथ्रिन व अमित्राझ, कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन, तसेच फिनाईल व रॉकेल ही मांजरावर कधीही वापरू नयेत. परमेथ्रिनाने थरथर व झटके येऊन मृत्यू ओढवतो. कडुनिंबाचे व करंजाचे तेल वनस्पतिजन्य असल्याने निरुपद्रवी मानण्याची समजूतही चुकीची आहे. माणसाची मलमे लावून खाज दडपल्यास निदान लांबते, आणि त्यातील स्टेरॉइडाने गजकर्ण उलट पसरते.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचा मुख्य भर गुरांवर असला, तरी त्वचेचा अंश तपासण्यास फारशी सामग्री लागत नाही. गुंतागुंतीच्या रोगांसाठी परळ येथील मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाशी (स्थापना १८८६) संलग्न रुग्णालय उपलब्ध आहे. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावरील न भरणारी खपली मात्र पुरळ समजून थांबू नये. उन्हामुळे होणाऱ्या कर्करोगाची ती सुरुवात असू शकते आणि त्या अवस्थेत कानाचा भाग काढून रोग बरा होतो.