स्मिथ, झेडी
(२५ ऑक्टोबर १९७५ – ). इंग्रज कादंबरीकर्त्री व निबंधकार. जन्म लंडन येथे. वडील इंग्रज, तर आई जमेकाहून आलेली. बालपण वायव्य लंडनमधील विल्सडन ह्या संमिश्र वस्तीत गेले. सेडी हे मूळ नाव तिने चौदाव्या वर्षी बदलून घेतले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात तिने इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतले.

व्हाइट टीथ (२०००) ह्या पहिल्याच कादंबरीने तिला कीर्ती मिळवून दिली. वेस्ट इंडीजमधून लंडनला आलेल्यांचे एकाकी जीवन सॅम्युएल सेल्व्हनने द लोन्ली लंडनर्स (१९५६) मध्ये रंगविले होते. स्मिथला मुख्यतः आस्था आहे ती लंडनमध्येच जन्मलेल्या पुढच्या पिढीविषयी. तिच्या कादंबरीतील सामद इक्बाल हा बंगाली मुसलमान उपाहारगृहात वाढप्याचे काम करतो आणि १८५७ च्या मंगल पांडेचा आपण पणतू आहोत, ह्या अभिमानावर जगतो. परंपरा टिकावी म्हणून जुळ्या मुलांपैकी एकाला तो बांगला देशात धाडतो. तो मुलगा इंग्रजी वळणाचा, विज्ञाननिष्ठ होऊन परततो. लंडनमध्ये राहिलेला मात्र एका कडव्या धार्मिक गटात ओढला जातो. वंश, संस्कार व यदृच्छा ह्यांपैकी माणसाला कोण घडविते, हा प्रश्न स्मिथ विनोदाच्या अंगाने हाताळते. सामदची फजिती हास्यास्पद खरी. पण त्याची भीती खोटी नाही, हे ती विसरू देत नाही.

जेम्स वुड ह्या समीक्षकाने मात्र अशा घटनाबहुल लेखनाला ‘उन्मादी वास्तववाद’ म्हटले. व्यक्तिरेखांच्या गजबजाटात माणूस हरवतो, हा त्याचा आक्षेप सर्वस्वी अनाठायी नव्हता. एनडब्ल्यू (२०१२) मध्ये स्मिथचे लेखन पुष्कळच बदललेले दिसते. लंडनच्या टपाल विभागाची खूण हेच ह्या कादंबरीचे नाव. सार्वजनिक घरांच्या एकाच वसाहतीत वाढलेल्या चौघांच्या कथा येथे तुटक, भिन्न शैलींत येतात. त्यांपैकी कीशा नाव बदलून नाटली होते, बॅरिस्टर होते; परंतु तिच्या यशाच्या मुळाशी एक पोकळी राहते. वर्णभेदाइतकाच वर्गभेदही येथे कठोर आहे. पहिल्या कादंबरीतील उल्हास येथे ओसरला आहे, तथापि कलादृष्ट्या हीच कादंबरी अधिक धाडसी वाटते.

ऑन ब्यूटी (२००५) ही अमेरिकेतील एका विद्यापीठनगरीत घडणारी कादंबरी ई. एम्. फॉर्स्टरच्या हॉवर्ड्‌स एंडवर बेतलेली असून तिला २००६ चे ऑरेंज पारितोषिक मिळाले. द फ्रॉड (२०२३) ही ऐतिहासिक कादंबरी १८७० नंतरच्या टिचबर्न खटल्यावर आधारित आहे. त्यातील साक्षीदार अँड्र्यू बोगल हा जमेकाच्या मळ्यावरील पूर्वीचा गुलाम. लंडन आणि जमेका ह्यांचा संबंध स्थलांतरापासून नव्हे, तर साखरेपासून सुरू होतो, हे त्याच्या कथेतून उघड होते. द वाइफ ऑफ विल्सडन (२०२१) हे तिचे नाटक चॉसरच्या कथेवरून रचलेले आहे. चेंजिंग माय माइंड (२००९) व फील फ्री (२०१८) हे तिचे निबंधसंग्रह.